घरी कॉकटेल बनवण्यासाठी नेमकी कोणती साधने घ्यावीत?

नवखा_कोथरूड

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही नव्या घरी राहायला आलो. शनिवारी रात्री माझी बहीण, मेहुणे आणि दोन जुने मित्र जेवायला येतात. जेवणाआधी प्रत्येकाच्या हातात निगुतीने केलेले एक कॉकटेल द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यांच्यापैकी एक जण मद्य घेत नाहीत, त्यांच्यासाठीही तेवढ्याच काळजीने काहीतरी करायचे आहे.

ऑनलाइन पाहिले तर बारा, चौदा, अगदी अठरा नगांचे संच लाकडी स्टँडसकट दिसतात आणि त्यातल्या निम्म्या वस्तू कशासाठी असतात हेच मला कळत नाही. आतापर्यंत मी दोनदा डायकिरी (रम, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक यांचे कॉकटेल) करून पाहिली. पहिल्यांदा ती इतकी आंबट झाली की बहिणीने अर्धा ग्लास तसाच ठेवला, आणि दुसऱ्यांदा तीच कृती वापरूनही ती पाणचट लागली. सगळे मिळून दोन-अडीच हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ठाणेकर_बारमागून

मी नऊ वर्षे हॉटेलच्या बारमध्ये काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. कृती तीच असून चव बदलते, याचा अर्थ एक तर माप चुकते आहे किंवा बर्फ बदलतो आहे. म्हणून शेकरच्या, म्हणजे पेय बर्फासोबत हलवायच्या बंद भांड्याच्या, आधी मापाचे बोलू.

स्मॉल म्हणजे ३० मिलि आणि लार्ज म्हणजे ६० मिलि हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते, पण कॉकटेल बिघडते ते १५ आणि २० मिलिच्या मापांत. डायकिरीत ६० मिलि पांढऱ्या रमला साधारण २० मिलि लिंबाचा रस लागतो. आपल्या कागदी लिंबांपैकी एखाद्यातून जेमतेम १० मिलि रस निघतो, तर पातळ सालीच्या रसरशीत लिंबातून २० मिलि निघतो. त्यामुळे ‘एका लिंबाचा रस’ हे माप धरताच येत नाही. आतल्या बाजूने १५, २०, ३० आणि ४५ अशा रेघा कोरलेला, उंच आणि अरुंद जिगर, म्हणजे पेय मोजायचे छोटे माप, घ्या. पसरट मापात दोन-तीन मिलिचा फरक डोळ्यांना कळत नाही, अरुंद मापात तो लगेच दिसतो.

जिगर घरी आणला की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा तपासाच. ३० मिलि पाण्याचे वजन ३० ग्रॅम भरले पाहिजे. मी स्वतः एकदा ३० आणि ६० असे ठसे असलेला जिगर आणला होता, त्यात काठोकाठ भरूनही २५ आणि ५० ग्रॅमच पाणी मावत होते. अशा मापाने रम कमी पडते, रस मात्र अंदाजाने पुरेपूर जातो, आणि पेय आंबट होते. चांगला जिगर मिळेपर्यंत खोकल्याच्या औषधासोबत येणारे खुणांचे छोटे माप स्वच्छ धुऊन वापरले तरी चालेल.

आता पाणचटपणाविषयी. ६० मिलि रम, २० मिलि रस आणि १५ मिलि साखरेचा पाक, असे ९५ मिलि मी बर्फासोबत बारा सेकंद जोरात हलवून, गाळून मोजले आहे. ते सुमारे १२५ मिलि भरले. हे तीस मिलि पाणी बर्फातून येते आणि ते हवेच असते, कारण त्याशिवाय मद्याचा तिखटपणा उतरत नाही. पण बर्फ काढून दहा मिनिटे ओट्यावर राहिला, की त्याच्या अंगावरचेच पाणी आधी पेयात उतरते आणि सगळा हिशेब बिघडतो. दुसऱ्या वेळी तुमचे हेच झाले असावे, असे मला वाटते. बर्फ ऐनवेळी फ्रीझरमधून काढा, मोठे खडे घ्या आणि शेकर निम्म्याहून जास्त भरा. बर्फ कमी घातला म्हणजे पाणी कमी होईल ही समजूत चुकीची आहे. थोडा बर्फ पेय गार करता करता स्वतःच विरघळून जातो.

शेकरमध्ये मी स्टीलच्या दोन पेल्यांचा बॉस्टन शेकर सुचवीन. मोठा पेला सुमारे ८०० मिलिचा आणि लहान सुमारे ५०० मिलिचा असतो. झाकणातच गाळणी असलेला, तीन भागांचा कॉब्लर शेकर दिसतो सुबक आणि नवख्याला सोपाही वाटतो, पण त्याच्या छिद्रांत पुदिना आणि लिंबाचा चोथा अडकतो. बॉस्टनसोबत स्प्रिंगची हॉथॉर्न गाळणी मात्र घ्यावीच लागते. तिच्याखाली घरातली चहाची बारीक गाळणी धरली की बर्फाचे कण आणि चोथा दोन्ही अडतात.

एक पथ्य कटाक्षाने पाळा. बंद शेकरमध्ये सोडा किंवा कोणतेही फसफसणारे पेय कधीही घालू नका. वायूचा दाब वाढून झाकण उडते. सोडा नेहमी ग्लासात, सगळ्यात शेवटी ओतायचा.

फोंड्याहून

ठाणेकरांचे मापाविषयीचे म्हणणे मला पूर्ण पटते, पण शेकर पहिल्याच दिवशी लागतो असे मला वाटत नाही. आमच्याकडे काजूचा हंगाम सुरू झाला, की मार्चपासून मेपर्यंत घरोघरी उराक येतो. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा भट्टीवर काढतात तो उराक. तो तुलनेने सौम्य असतो, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते. या उराकाला शेकर कुणीच लावत नाही. उंच ग्लासात बर्फ, उराक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची आणि वरून लिंबाचे सोडायुक्त पेय, एवढ्यावर काम होते.

तिथे लागतो तो लांब दांड्याचा चमचा, ज्याला बार स्पून म्हणतात. साधा चमचा ग्लासाच्या तळापर्यंत पोहोचत नाही, मग मीठ आणि रस खालीच बसतात आणि पहिला घोट फिका, शेवटचा खारट लागतो. लांब चमचा ग्लासाच्या भिंतीला टेकवून तळापासून वर एकदा-दोनदा हलकेच उचलावा. गरागरा फिरवला तर सोड्याचा वायू निघून जातो. हाच चमचा निग्रोनीसारख्या, रस नसलेल्या पेयांनाही लागतो. जिन, कंपारी (कडवट लाल मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनौषधी घातलेली वाइन) प्रत्येकी ३० मिलि घेऊन बर्फावर ढवळले की काम झाले. ती हलवली तर हवेचे बारीक बुडबुडे शिरतात आणि पेय गढूळ दिसते. म्हणून माझ्या मते आधी जिगर आणि लांब चमचा घ्यावा, एक महिना ग्लासातच बनणारी पेये करावीत, आणि मगच शेकरकडे वळावे.

सांगलीची_सुगरण

मद्य न घेणाऱ्या पाहुण्यांचा तुम्ही विचार केलात, हे वाचून फार बरे वाटले. त्यांच्यासाठी कोकमाचे पेय करा, आणि तेही याच जिगरने मोजून, याच शेकरमध्ये हलवून. फक्त आगळ आणि अमृत कोकम यांत गल्लत करू नका, कारण आगळ खारट-आंबट असते आणि अमृत कोकमात साखर आधीच असते. १५ मिलि आगळ, २५ मिलि पाक आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट बर्फासोबत हलवून ग्लासात गाळा आणि वर सोडा ओता. मीठ घालण्यापूर्वी चव पाहा.

पुदिना चेचायला वेगळा मडलर विकत घ्यायची गरज नाही, जाड गोल टोकाचा लाकडी बत्ता किंवा छोटे लाटणे पुरते. पुदिना कुटायचा मात्र नाही. तळाशी पाने ठेवून दोन-तीनदा हलकेच दाबायची. हाताला वास आला की थांबायचे. चटणीसारखा ठेचला तर मोहितो (रम, पुदिना, लिंबू आणि सोड्याचे कॉकटेल) कडू होतो, आणि एकदा आलेला तो कडूपणा कितीही साखर घातली तरी जात नाही. वार्निश मारलेले लाकूड वापरू नका, कारण ते लिंबाच्या रसाने सुटते.

संचांसोबत येणाऱ्या तांब्याच्या मगांबद्दलही सांगायला हवे. आपल्या आज्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवू देत नसत. लिंबाच्या रसालाही तोच नियम लागू आहे. मग घ्यायचाच असेल तर आतून स्टीलचा अस्तर असलेला घ्या.

नवखा_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. काल वजनकाटा काढून माझ्या जुन्या मापात पाणी भरून पाहिले, तर ‘३० मिलि’च्या मापात २४ ग्रॅमच पाणी बसले. मी चार महिने त्याच मापाने ओतत होतो. त्यामुळे रेघांचा नवा जिगर, लांब चमचा आणि हॉथॉर्न गाळणी मागवली आहे. शेकर तूर्तास विकत घेतलेला नाही, कारण मेहुण्यांनी त्यांच्याकडचा कॉब्लर शेकर वापरायला दिला आहे. त्यात डायकिरी हलवली. या वेळी ती आंबटही झाली नाही आणि पाणचटही नाही. पण झाकण इतके घट्ट बसले की ते निघेपर्यंत पाच मिनिटे गेली आणि आतला बर्फ वितळत राहिला. यावर काही उपाय आहे का?

ठाणेकर_बारमागून

आहे. आतली हवा थंड होऊन आकसते आणि पातळ पत्राही आवळतो, म्हणून झाकण धरून बसते. ओढाताण करू नका आणि ओट्यावर आपटूही नका, पत्रा एकदा चेपला की तो पुन्हा नीट बसत नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल फक्त झाकणाभोवती पाच-सहा सेकंद गुंडाळा आणि झाकण वर न ओढता पिळून फिरवा. पुढच्या वेळी बंद करताना गाळणीचा भाग आधी बसवा, आणि वरचे छोटे टोपण सगळ्यात शेवटी लावा, म्हणजे आत कोंडलेली हवा निघून जाईल आणि झाकण इतके घट्ट बसणार नाही.