मदत हवी आहे: 'देवचार' कुठल्या रकान्यात घालू? भुताखेतांच्या ध्वनिमुद्रणांची वर्गवारी

काजूबी
नमस्कार. सिंधुदुर्गातल्या भुताखेतांच्या सांगण्यांचा छोटा संग्रह तयार होतोय. सावंतवाडी, कुडाळ आणि वेंगुर्ला तालुक्यांतली ३४ ध्वनिमुद्रणं हाताशी आहेत. बहुतेक मालवणीत, १ मिनिटापासून २५ मिनिटांपर्यंतची. तक्त्यात 'भुताचा प्रकार' असा रकाना केलाय आणि तिथेच गाडं अडलंय.

'देवचार' ९ मुद्रणांत आहे. जुन्या इंग्रजी नोंदींत देवचार म्हणजे लग्नानंतर लवकर मेलेल्या शूद्राचं भूत. इथले सांगणारे मात्र त्याला गावाचा राखणदार म्हणतात: हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री शीव फिरणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. त्याला नारळ, विडा, कुठे सूर (माडी) आणि रोट. भुतांत घालू की देवांत?

दुसरं म्हणजे एटीयू क्रमांक (लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतला कथाप्रकाराचा क्रमांक). ३४ पैकी फक्त एकाला मिळाला (स्मशानात खुंटी ठोकायची पैज). बाकीच्यांचं काय?

तिसरं, हे सगळं नेटवर टाकलं तर चालेल का? काही मुद्रणं व्हॉट्सॲपवरून आलीत, त्यांचा आवाजही धड नाही.

उंबरठा
आधी तो रकाना उडवा. प्रकार ठरवायचा तो सगळ्यात शेवटी, आणि नाही ठरला तरी काही बिघडत नाही.

तुम्ही म्हणताय त्या जुन्या नोंदी कशा जमल्या ते बघा, म्हणजे देवचाराचा घोळ कळेल. ए. एम. टी. जॅक्सनने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावली धाडली होती. हा तोच जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर, २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी विजयानंद थिएटरात गोळ्या घातल्या तो. त्याच्या मागे एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने ती उत्तरं लावून छापली, गुजरातचा खंड १९१४ ला आणि कोकणचा १९१५ ला. म्हणजे गावकऱ्याचं बोलणं मास्तरांनी ऐकलं, प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलं, मग ते इंग्रजीत गेलं. प्रश्न 'भुतांचे प्रकार कोणते' अशा वळणाचा असला की उत्तरात यादीच येणार: ब्राह्मणाचा समंध, मुंज होऊन मेलेल्या पोराचा मुंजा, बुडून मेलेल्याचा गिऱ्हा, सवाष्णीची जखीण, विधवेची लावसट. मेलेल्यांची जातवार शिरगणतीच ती. त्या यादीत देवचाराला एक जात आणि एक मरण चिकटवलं गेलं. तुमच्या सांगणाऱ्यांना तो कोण होता याच्याशी देणंघेणं नाही, तो काय करतो एवढंच ते सांगतात. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या, एकीच्या मापाने दुसरी कापायची नाही.

रकाने असे करा:
– सांगणाऱ्याच्या तोंडचं नाव, जसंच्या तसं. नाव घेतलं नसेल तर रेघ.
– त्याने काय केलं. क्रियापद हवंच: हाक मारली, वाट चुकवली, तंबाखू मागितली, पाण्यात ओढलं.
– जागा आणि वेळ. 'जंगल' असं लिहू नका. व्हाळ (ओढा), पाणंद, शेताचा बांध, कुठल्या झाडाखाली. तिन्हीसांजेला की अवसेच्या रात्री.
– माणसाने काय केलं आणि पुढे काय झालं.
– सांगणाऱ्याला हे कुठून कळलं: स्वतःवर बेतलं, घरच्या माणसावर, की नुसतं ऐकलेलं.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. स्वीडनचे लोककथा-अभ्यासक फॉन सिडो यांनी १९३४ मध्ये आपबितीला 'मेमोरॅट' असं वेगळं नाव दिलं ते याचसाठी. आपबितीत तपशील जास्त आणि शेवट कच्चा असतो: "काय होता देवाक ठावक." ऐकीव गोष्टीचा शेवट घोटीव असतो. एकाच गोणीत भरलंत की गावात लोक काय अनुभवतात आणि काय रंगवून सांगतात यातला फरक पुसला जातो.

मोगरीचा_बांध
एटीयूबद्दल. न मिळणं स्वाभाविक आहे. ती सूची कथांची आहे, म्हणजे सुरुवात-मध्य-शेवट असलेल्या, सगळीकडे त्याच बांध्याने फिरणाऱ्या गोष्टींची. पैजेची गोष्ट बसली कारण ती खरोखर तशी आहे: एटीयू १६७६बी. अंधारात गडी खुंटीबरोबर आपल्याच धोतराचा सोगा ठोकतो, उठताना मागून ओढ लागते, भीतीने मरतो. युरोपात तिथे झगा असतो किंवा सुरी असते. गंमत म्हणजे त्या गोष्टीत भूत नाहीच.

उरलेल्यांसाठी स्टिथ थॉम्पसनची कल्पनाबंधांची (मोटिफ, म्हणजे गोष्टीतला एखादा सुटा धागा) सूची वापरा, १९५५–५८ ची सुधारित आवृत्ती. मेलेल्यांसाठी 'ई' विभाग, भूत-पिशाच्च-जलदेवतांसाठी 'एफ' ४०० च्या पुढे, चेटकिणींसाठी 'जी' २०० च्या पुढे. तुमच्या कामाचे काही: चकवा म्हणजे एफ ४०२.१.१. पाण्यात ओढणारा एफ ४२०.५.२.१. झोपेत छातीवर बसणारं एफ ४७१.१. घाटात गाडीला हात दाखवून बसणारी आणि पुढे सीटवरून नाहीशी होणारी बाई ई ३३२.३.३.१. या शेवटच्या गोष्टीच्या ७९ आवृत्त्या बियर्ड्सली आणि हँकी या अभ्यासकांनी अमेरिकेत १९४२ च्या सुमारास जमवल्या होत्या, तेव्हा ती 'आमच्याच घाटातली' असं कुणी म्हणालं तर नुसती मान डोलवा.

एका मुद्रणाला तीन-चार क्रमांक लागले तरी लावा. मात्र क्रमांक सारखा म्हणजे भूत सारखं, असं धरू नका. गिऱ्ह्याचंच घ्या. त्याचा केस हाती लागला की तो राबतो, म्हणून केस मांडी चिरून आत लपवायचा, असं कोकणात सांगतात. स्कॉटलंडच्या केल्पीचा (घोड्याच्या रूपातलं पाण्यातलं भूत) लगाम मिळवला की ती राबते. जपानी काप्पाच्या (हाही पाण्यातलाच) डोक्यावरच्या खळग्यातलं पाणी सांडलं की त्याचं बळ जातं. तिन्हींत जोर अंगावरच्या एकाच जागी आहे, म्हणून शेजारी ठेवून बघायला मजा येते. पण काप्पाला राबवत नाहीत, त्याच्याकडून वचन घेतात. असा फरक क्रमांकात दिसत नाही, शेऱ्यात लिहावा लागतो.

एखादी डोह-विहीर 'दरसाल एक माणूस घेते' असं कुठे असेल तर क्रिस्टियान्सेनची १९५८ ची दंतकथासूची उघडा, त्यातला क्रमांक एमएल ४०५०. नदी ओरडते, "वेळ आली, माणूस आला नाही."

काजूबी
रकाने पटले. अडचण अशी की लिहून काढलेली पानं 'स्वच्छ' केलेली आहेत, प्रमाण मराठीत. मूळ: "तेना माका हाक मारल्यान, मी वळान बघलंय तर थंय कोण नाय." पानावर: "भुताने मला हाक मारली. मी वळून पाहिले, तेथे कोणी नव्हते." एवढ्याने भागेल ना?

उंबरठा
नाही भागणार. 'तेना'चं 'भुताने' कुणी केलं? सांगणाऱ्याने मुद्दाम नाव टाळलंय, नाव घेतलं की येतो म्हणून. एका शब्दाच्या साफसफाईत तुमचा पहिला रकानाच खोटा झाला.

आणखी एक शब्द शोधा: 'म्हणे'. स्वच्छ करणारे तो आधी उडवतात, पालुपद समजून. "तो थंयच बुडालो म्हणे" म्हणजे ऐकीव, "बुडालो" म्हणजे बघितलेलं. मराठीने फुकट दिलेली खूण आहे ती. सगळं पुन्हा लिहायला वेळ नसेल तर निदान 'म्हणे', सर्वनामं, थांबे (तीन सेकंदांहून जास्त असतील तर सेकंद लिहून) आणि मधेच आवाज खाली गेलाय ती जागा एवढं मूळ आवाजावरून परत घाला. १० मिनिटांच्या मुद्रणाला तासभर धरा.

कौलावरचा_पाऊस
आवाजाचं मी सांगतो. व्हॉट्सॲपवर आलेलं पुन्हा वेव्हमध्ये (न दाबलेली ध्वनी-फाइल) बदलून काही मिळत नाही, दाबताना गेलेलं परत येत नाही. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये मूळ फाइल असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. मुळात व्हॉइस नोटच असेल तर आहे तशी जपा.

पुढच्या वेळी: वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. मिनिटाला सुमारे ८.६ एमबी, तासाला साधारण ५२०. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर. पातळी सर्वांत मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलच्या आसपास, कारण भुताची गोष्ट कुजबुजत चालते आणि मधेच माणूस हाक मारून दाखवतो. तिथेच फाटतं. फोनमधलं 'नॉइज रिडक्शन' बंद. ते कुजबूज म्हणजे गोंगाट समजून कापतं. फोन विमान मोडवर, पंखा आणि फ्रिज बंद, सुरुवातीला १० सेकंद नुसती शांतता. रातकिडे राहू द्या. पत्र्यावरचा पाऊस मात्र नको, थांबेपर्यंत चहा घ्या.

आणि "तुमचा विश्वास आहे का?" हा प्रश्न सुरुवातीला कधीच नको. माणूस लगेच शहाण्यासारखं बोलायला लागतो आणि गोष्ट आटते.

मोगरीचा_बांध
नेटवर टाकण्याचं राहिलं. परवानगी त्याच मुद्रणात, आवाजातच घ्या: ऐकायला कुणाला द्यायचं, नाव लावायचं की नाही. ज्यांची घेतलेली नाही ती मुद्रणं तक्त्यात ठेवा, नेटवर नको.

'अमकीने करणी केली' असं जिवंत बाईचं नाव असेल तर तो भाग अजिबात जाहीर करायचा नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुणाला करणी-चेटूक करणारा ठरवणं गुन्हा आहे. ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. प्रचार-प्रसारही त्यात येतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्या बाईला त्याच वाडीत राहायचंय. बुडालेल्या, गळफास घेतलेल्या माणसांची नावंही गाळा, घरं अजून तिथेच आहेत. 'बीप' घालू नका, लोक अंदाज बांधत बसतात. तेवढा तुकडा कापा आणि किती सेकंद कापले ते लिहा.

काजूबी
देवचाराची ९ मुद्रणं पुन्हा ऐकली. त्यातल्या ४ मध्ये 'देवचार' हा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी नाहीच, "देवचाराचं काही सांगा ना" असं विचारणाऱ्याने म्हटलंय. सांगणारे पुढे 'तो', 'राखणदार', आणि एक आजी तर नुसतंच "आमचो" म्हणते.

उंबरठा
मग त्या ४ मध्ये नावाच्या रकान्यात 'तो', 'राखणदार', 'आमचो' हेच, आणि विचारलेला प्रश्न शेऱ्यात, शब्दशः. उरलेल्या ५ मध्ये तो शब्द पहिल्यांदा कितव्या मिनिटाला येतो तेही बघून ठेवा.