मदत हवी आहे : लायब्ररीचं म्युझियम आणि खालचं बेस आयसोलेशन

मंडळी, आर्किटेक्चरला आहे, केस स्टडीला सॅन फ्रान्सिस्कोचं एशियन आर्ट म्युझियम घेतलंय आणि आता पार अडकलोय. इमारत मुळात शहराची मेन लायब्ररी, आर्किटेक्ट जॉर्ज केलहॅमची, १९१७ ची, टिपिकल बो-आर्ट्स, म्हणजे भव्य दगडी जिना, कमानी, सगळा थाट. १९८९ च्या भूकंपात तिला मार बसला, १९९६ ला लायब्ररी शेजारच्या नव्या इमारतीत गेली आणि मग गाए आउलेंतीबाईंनी (पॅरिसच्या जुन्या रेल्वे स्टेशनचं ओर्से म्युझियम ज्यांनी केलं त्याच) इथे म्युझियम बसवलं, २००३ ला उघडलं.

मधल्या लाइट कोर्टांवर (उजेडासाठी उघडे ठेवलेले आतले चौक) काचेचे स्कायलाइट टाकलेत, त्यामुळे जी भिंत एकेकाळी ऊन-पाऊस खायची ती आता चक्क आतली भिंत झालीये, हे मला भारीच वाटलं. जिन्याजवळची पियाझोनी या चित्रकाराची म्युरल्स (भित्तिचित्रं) मात्र काढून डी यंग म्युझियमला नेली, ते काही पटलं नाही बुवा.

तर प्रश्न असा, की इथल्यासारखी जुनी इमारत आयसोलेटरवर (भूकंपाचा धक्का वर कमी पोचावा म्हणून पायाशी बसवलेले लवचीक आधार, हेच बेस आयसोलेशन) बसवली की ती जमिनीपासून सुटी हलणार, म्हणजे चारी बाजूंनी फट ठेवावी लागणार, मग मुख्य दाराच्या पायऱ्या, पाण्याचे पाइप, लिफ्टचा खड्डा हे सगळं त्या फटीवरून नेतात कसं? सेक्शनमध्ये (इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) नेमकं तिथेच माझी पेन्सिल थांबतेय. कुणी रेट्रोफिटच्या (जुनी इमारत भूकंपासाठी मजबूत करायच्या) साइटवर काम केलं असेल तर प्लीज सांगा, हाताने काढलेलं कच्चं स्केच टाकलंत तरी चालेल.