पांताहच्या इंजिनावर डुकाटी टीटी२ ची प्रतिकृती: फ्रेम, टायर, वजन

वळणवेडा:
१९८१ ते ८४ सलग चार वर्षं टोनी रटर जिच्यावर टीटी फॉर्म्युला २ या मोटारसायकल रेसच्या गटाचा जगज्जेता झाला, त्या डुकाटी टीटी२ ची रस्त्यावर चालणारी प्रतिकृती करायची आहे, ब्रिटनमध्ये. हाताशी डुकाटीचीच रस्त्यावरची गाडी पांताह ६०० एसएल, इंजिन ठणठणीत. क्रोमोलीची (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची) नवी फ्रेम करून घेऊ का? १७ इंची चाकं चालतील? वजन १४० किलोत बसेल?

शिमवाला:
पांताहचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचात, बसतो, त्यामुळे इंजिन हाच फ्रेमचा एक भाग. भंगारातली रिकामी क्रँककेस जिगमध्ये (नळ्या जागेवर धरणाऱ्या साच्यात) आवळा आणि नळ्या तिच्यावर बेतून टॅक करा, म्हणजे छोट्या ठिपक्यांनी जोडा. चांगलं इंजिन बसवून वेल्डिंग केलंत तर करंट बेअरिंगमधून जाऊन खड्डे पाडू शकतो. पूर्ण वेल्ड बाजू आलटून-पालटून, थोडा थोडा. थंड झाल्यावर प्रत्येक बोल्ट हाताने आरपार गेला पाहिजे. हातोडी लागली तर फ्रेम ओढली गेलीय. तसंच आवळलंत की माउंटिंगचे कान तडकतात. बाजूला फट राहिली तर शिम (पातळ चकती) घाला, बोल्टने ओढून मिटवू नका.

दोन कार्ब:
१७ चालतील, पण टायर बघून. मागे १३०/७०-१८ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) च्या जागी १५०/६०-१७ घातला की मागची बाजू १४ मिमी खाली येते, रेक (पुढच्या फोर्कचा तिरपेपणा) वाढतो आणि गाडी वळायला आळशी होते. १४०/७०-१७ ला हाच फरक ६ मिमी. शिवाय १५० चा टायर चेनला घासू शकतो. ५२० चेन ५३० पेक्षा ३ मिमी अरुंद खरी, पण टायरच्या बाजूला त्यातला निम्माच फायदा.
फायबरची टाकी दिसते झकास, पण ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) मधलं इथेनॉल फायबरमधलं पॉलिएस्टर रेझिन मऊ करतं आणि तो चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. टाकी अ‍ॅल्युमिनियमचीच करा.

शिमवाला:
१४० किलो विसरा. मूळ टीटी२ ही सव्वाशे किलोच्या आसपासची रेसची गाडी. तिला स्टार्टर नाही, दिवे नाहीत. १५० जमलं तरी भारी. लिथियम बॅटरीने दोन-तीन किलो सहज वाचतात, पण आधी ४,००० आरपीएमला बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा जुना रेग्युलेटर १४.६ व्होल्टच्या वर गेला तर बॅटरी गेलीच. टायमिंग बेल्ट कितीही कमी चालले असोत, दोन वर्षांनी बदला.
आणि फ्रेम बदलली की नोंदणीचा प्रश्न येतो. डीव्हीएलएला (ब्रिटनचं वाहन नोंदणी खातं) आधी लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत पांताहची मूळ फ्रेम कापू नका, विकू नका.