मदत हवी आहे: आखाजीसाठी मुलांच्या हातचा झोका, केळीचा धागा काळा पडतोय

मंडळी, नमस्कार. रावेर तालुक्यात राहतो, शेती करतो आणि हातकामात ढ आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तरं त्या बेताने द्याल.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा. बायको नर्स आहे, माहेर अमळनेरकडचं. आखाजीला आमच्या खानदेशात लेकी माहेरी जातात, गौराई बसते, निंबाला झोके बांधतात. (बाकी ठिकाणची अक्षय्य तृतीया सोनाराच्या दुकानात जाते, आमची झोक्यावर.) गेली दोन वर्षं तिला नेमकी त्याच दिवशी ड्युटी लागली. यंदाही लागली. हे कानावर पडलं तसं पोरीने जाहीर केलं की मम्मीला माहेरी जाता येत नाही तर झोका इकडे आणायचा. विकतचा नाही, आम्ही करणार. पप्पांनी फक्त जड वस्तू उचलायच्या.

दोर केळीच्या धाग्याचा हवा, हाही तिचाच हट्ट. सामानाला तोटा नाही. केळीला एकदा घड आला की ते खोड संपलं, कापून बांधावर टाकायचं. तीन खोडं आणली, पदर सोडवले, ती खरवडत बसली. विळ्याच्या पाठीने दाबून ओढलं की गर निघतो आणि खाली रेशमासारखा धागा दिसतो, हे बघून मीसुद्धा हरखलो. मग घोळ झाले.

मम्मीला दिसू नये म्हणून ओला धागाच गोणपाटात भरून शेतातल्या मोटरच्या खोलीत लपवला. तिसऱ्या दिवशी उघडलं तर आंबूस वास आणि अर्धा धागा काळा. दुसरं म्हणजे केळीचा चीक. घालू नको म्हणता म्हणता लहान्याने शाळेचा शर्ट घालूनच खोडाला मिठी मारली. तपकिरी डाग दोनदा धुऊनही जसाच्या तसा. बायको विचारतेय हे कशाचं, आणि लहाना माझ्याकडे बघून हसतोय. गुपित त्याच्या पोटात किती दिवस राहील देव जाणे.

तर विचारायचं असं की, घरच्या घरी मशीनशिवाय धागा पांढरा राहील असं काय करावं? त्याचा वळलेला दोर मोठ्या माणसाचं वजन पेलेल का? मला नाही वाटत, पण पोरीसमोर तसं म्हणायची सोय नाही. आणि साडेचार वर्षांच्या मुलाला द्यावं असं खरंखुरं काम कोणतं? ‘तू हे धरून बस’ छापाचं काम त्याला ओळखू येतं आता. आखाजीला अकरा दिवस आहेत.

अपडेट, सहा दिवसांनी

सगळ्यांचे आभार. ज्या ताईंनी ‘ओला धागा गोणपाटात कोंबणारे तुम्ही पहिले नाहीत’ असं लिहिलं त्यांचे जास्तच. त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोड कापल्याच्या दिवशीच खरवडलं, धागा लगेच दोन-तीन पाण्यांत चीक जाईपर्यंत धुतला आणि सावलीत दोरीवर पसरला. बाहेरचे पदर जाडेभरडे निघतात, आतले मऊ, म्हणून दोन्ही वेगळे ठेवले. रंग पांढराशुभ्र नाही, फिकट सायीसारखा आहे. पोरीला तो जास्त आवडला.

दोराचं भांडण नाड्याने मिटवलं. वजन बाजारच्या जाड नाड्यावर, आणि त्याच्यावर धाग्याची तीनपेडी वेणी गुंडाळायची. पोरीला आधी ही फसवणूक वाटली. मग मी धाग्याचा दोर आढ्याला बांधून स्वतः लोंबकळलो. दाणकन खाली बसलो आणि तिला पटलं. वेणी तिची ती घालते, पहिली वीतभर सैल, पुढे घट्ट होत गेलेली. सैल भाग उसवून देऊ का विचारलं तर राहू दे म्हणाली.

लहान्याला पाट दिला. कुणीतरी चुन्याचे ठसे सुचवले होते, पण चुना पोराच्या हाताला पोळतो, तो बाद. गेरू कालवून दिला. पाटभर त्याचे पंजे आहेत, एक कोपरसुद्धा आहे. गेरू सुटू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी घालायचं असं एका दादांनी लिहिलं होतं, ते मी वाचलं ठसे उमटवून झाल्यावर.

शेवटचं, आखाजीच्या रात्री

झोका ओट्यासमोरच्या निंबाला बांधला. आधी मी बसून पाहिलं, मग मुलांना बसवलं. बायको संध्याकाळी ड्युटीवरून आली, पर्स खांद्याला तशीच, आणि काही विचारायच्या आत बसली. लहान्याने झोका दिला. पोरगी वेणीच्या सैल भागाकडे बोट दाखवून सांगत होती की इथे मला येत नव्हतं, इथून यायला लागलं. मांडे गार झाले तरी कुणी उठेना.

पांढऱ्या ड्रेसवर मागे दोन पंजे उमटलेत, अगदी स्पष्ट, बोटं मोजता येतील. ती म्हणते राहू दे. पण परवा पुन्हा ड्युटी आहे आणि ड्रेस दोनच आहेत. गेरूचा डाग कशाने जातो?