चोरी करणाऱ्या पोराला प्रोबेशन : सूट की शिक्षा?

निवृत्त प्रोबेशन ऑफिसर

मोबाइलचोरीच्या बातमीवर एकाने लिहिलं होतं, 'एकोणीस वर्षांच्या पोराला प्रोबेशनवर सोडलं, म्हणजे चोरीचं लायसन्सच दिलं.' त्यांचा राग मला कळतो, पण प्रोबेशन म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून हा धागा.

1958 चा अपराधी परिवीक्षा कायदा, म्हणजेच प्रोबेशनचा कायदा, गुन्हा पुसत नाही. आरोपी दोषी ठरतो, मगच कलम 4 चा विचार होतो. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कोर्ट शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊ शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांचं. प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीचा आदेश झाला तर ती किमान वर्षभर. अट मोडली की मूळ गुन्ह्याच्या शिक्षेसाठी परत उभं राहायचं. एकवीस वर्षांखालच्याला तुरुंगात धाडायचं, तर त्याआधी आमचा अहवाल मागवून कारणं लेखी द्यावी लागतात.

त्या अहवालासाठी मी घरी जायचे, शाळेचा हजेरीपट बघायचे, मुलगा जिथे काम करायचा तिथे विचारायचे, 'परत ठेवाल का?' एक गॅरेजवाला म्हणाला, 'ठेवतो, पण गल्ल्याजवळ नाही.' मी ते जसंच्या तसं लिहिलं. मुलाला दोन वर्षांची देखरेख मिळाली. दर पंधरा दिवसांनी हजेरीला यायचा. पहिले तीन महिने कामावर जातो म्हणून खोटं सांगायचा, मी गॅरेजला फोन लावला की पकडला जायचा. त्याला हे सोपं गेलं नाही. सहा महिने आत काढून आला असता, तर त्याला पुन्हा कामावर घ्यायला तो मालकही तयार झाला नसता.

मोबाइल दुकानदार

ताई, माझं दुकान दोनदा फोडलं. दुसऱ्या वेळी सापडलेला मुलगा असाच बंधपत्रावर सुटला. तुम्ही लोक त्याच्या आईकडे जाता, शाळेत जाता, गॅरेजात जाता. माझ्याकडे कोण आलं? शटर मी बसवलं, गेलेल्या मालाचे हप्ते मी फेडले. निकाल लागल्याचंसुद्धा मला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं. मुलगा सुधारला असेल, चांगलंच आहे. पण ज्याचं नुकसान झालं त्याला यात जागा कुठे आहे?

पुणेकर

दुकानदारांशी सहमत. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन जीव घेतले आणि ती चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर सोडलं. त्यानंतर 'सुधारणा' हा शब्द ऐकला की माझं डोकं तापतं. धाक नको का?

तालुका कोर्टातला वकील

तो बाल न्याय मंडळाने दिलेला जामीन होता, प्रोबेशन नव्हे. तेव्हा दोष अजून ठरलेलाच नव्हता. आणि धाकाचं म्हणाल तर दलबीर सिंग खटल्यात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्याला प्रोबेशन नाकारलं, ते ड्रायव्हरांना धाक राहावा म्हणूनच. हा कायदा आंधळेपणाने लावला जात नाही.

पण ताई, तुमचंही सगळं मान्य नाही. आमच्याकडे एकाच अधिकाऱ्याच्या गळ्यात मुलांची, महिलांची बाकी सगळी कामं. अहवाल तारखेला येत नाही, आला तर दोन ओळींचा. पंधरा दिवसांची हजेरी म्हणजे सही करून निघणं. तुमच्यासारखा फोन किती जण लावतात?

तुरुंग भरलेत म्हणून प्रोबेशन वाढवा, हेही मला पटत नाही. 2022 अखेर देशात दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा होता असे. प्रोबेशन दोषी ठरल्यावर मिळतं, त्याने ही गर्दी कशी हटेल?

निवृत्त प्रोबेशन ऑफिसर

वकीलसाहेब, माणसं कमी आहेत, हे खरं. 1 जुलै 2024 पासून पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीत माल किंवा त्याची किंमत परत केली तर सामुदायिक सेवेची शिक्षा आली आहे. मुलगा झाडू मारतो का, हे बघायला तरी कुणी हवंच ना?

दुकानदार दादा, तुमचं वाचून मी काल रात्री आठवत बसले. बावीस वर्षांत फिर्यादीच्या दारात मी बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा गेले असेन. ती चूक माझी. प्रोबेशनच्याच कायद्याच्या कलम 5 खाली कोर्ट मुलाला नुकसानभरपाई द्यायला लावू शकतं, ती दंडासारखी वसूल होते. गॅरेजातल्या त्या मुलाच्या पगारातून महिन्याला थोडे पैसे सहज निघाले असते. मी ते अहवालात लिहिलंच नाही.

पुणेकर

मला अजून पटलेलं नाही. एवढं काम एक माणूस करणार, यावर माझा विश्वास बसत नाही.

मोबाइल दुकानदार

मला पाचशे रुपये महिना आला असता तरी चाललं असतं. घेऊन तो स्वतः आला असता, तर आणखी बरं. पण हे मागायचं कुणी?

तालुका कोर्टातला वकील

सरकारी वकिलांना लेखी द्या, शटरच्या बिलासकट, आणि निकालाआधी द्या. सोडण्याचा आदेश होतो त्याच वेळी भरपाईचा आदेश व्हावा लागतो.

मोबाइल दुकानदार

माझी केस संपली. आमच्या पेठेत आणखी दोन दुकानांच्या चालू आहेत. उद्या दुकान उघडायच्या आधी दोघांकडे जातो, बिलं शोधायला लावतो.