टाके सुकले होते, पाचव्या आठवड्यात बेंबीपाशी पुन्हा पू

सिंहगड रोडची सून: सासूबाई (६४, शुगर आहे) यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. आठव्या दिवशी टाके निघाले, जखम कोरडी ठाक. पाचव्या आठवड्यात बेंबीजवळच्या छिद्रापाशी हरभऱ्याएवढी गाठ आली, फुटली, आणि आता पातळ पाणी येतंय. ताप नाही, ठणका नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. गोळ्या संपल्या की चार दिवसांत परत तेच. हॉस्पिटलवाले म्हणतात, शुगरमुळे. परकराची नाडी नेमकी तिथेच घासते, त्यामुळे बिचाऱ्या महिनाभर गाऊनवर आहेत. शेजारच्या काकू हळद भरा म्हणतात. भरू का?

कर्वेनगरकर: हळद भाजीत घाला. उघड्या जखमेत काही भरू नका.

निवृत्त ओटी सिस्टर: ताई, एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलीत, म्हणून बोलते. पू करणारा नेहमीचा जंतू, स्टॅफिलोकॉकस, असता तर बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांतच जखम लाल, गरम झाली असती. महिन्याने, बिनतापाचं, गोळ्यांना न जुमानणारं म्हटलं की मला टीबीच्या जंतूंच्या भाऊबंदांची शंका येते. हे पाण्यात राहतात. दुर्बिणीची हत्यारं सांध्यासांध्यांची. आत रक्ताचा कण अडकला की ब्रशने घासूनही निघता निघत नाही. दोन केसेसच्या मध्ये ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाच्या ट्रेमध्ये वीस मिनिटं बुडवायची आणि पाण्यात खळबळून पुढच्या पेशंटला वापरायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या द्रावणात निर्जंतुक व्हायला आठ-दहा तास लागतात! शुगरने जखम चिघळते हे खरं, पण सगळं तिच्या माथी मारू नका.

सर्जनना विचारा: पू आणि आतला तुकडा एएफबी स्टेन (टीबीसारखे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि मायकोबॅक्टेरिया कल्चरला (हेच जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं) पाठवता का? लॅबच्या फॉर्मवर तसं लिहिलेलं हवं. आणि टीबीच्या गोळ्या अंदाजाने सुरू करू देऊ नका, या जंतूंवर त्या बऱ्याचदा चालत नाहीत.

सिंहगड रोडची सून: सिस्टर, जुनी फाइल काढली. कल्चर झालं होतं! '४८ तासांत वाढ नाही' एवढंच लिहिलंय.

निवृत्त ओटी सिस्टर: ते साधं कल्चर. या मंडळींना जास्त दिवस द्यावे लागतात.

सिंहगड रोडची सून: आज दुसऱ्या सर्जनना दाखवलं. तुकडा घेतला, फॉर्मवर दोन्ही लिहून घेतलं. म्हणाले, निघालंच तर औषध काही महिने चालेल. सासूबाईंचा प्रश्न एकच, साडी कधी नेसू?

निवृत्त ओटी सिस्टर: सांगा त्यांना, अजून गाऊनच.