श्रावण पाळतो म्हणजे नेमकं काय पाळतो?

सोमवारी_नाही
गटारी चार दिवसांवर आली. (दीप अमावास्या म्हणा, असं सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार. आमच्याकडे दिवेही पुजतात आणि मटणही शिजतं.) दरवर्षी त्या सकाळी दुकानापुढच्या रांगेत उभा राहिलो की एकच प्रश्न छळतो.

आमच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी बंद. श्रावण अख्खा बंद, पुढे गणपती उठेपर्यंत बंद. बोकड मारणं पाप असेल तर ते बुधवारीही पापच. नसेल तर सोमवारी काय बिघडतं? माझं मत असं, की मनातून आपल्याला हे चुकीचंच वाटतं, पण सोडवत नाही. म्हणून त्या टोचणीचे हप्ते पाडून घेतलेत, आणि त्याला पंचांगाचा शिक्का मारलाय. बोला.

विज्ञानप्रेमी
पूर्वज अडाणी नव्हते. पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा मासे मारले तर पुढे खायला उरणार नाहीत. शिवाय पचनशक्ती मंद असते. धर्माचं नाव दिलं की लोक ऐकतात, म्हणून श्रावण.

खाडीकाठची
दादा, आमच्या समुद्रात मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै. २०२५ ला श्रावण लागला २५ जुलैला. म्हणजे श्रावणातले पहिले सात दिवस बंदीचे, बाकी अख्खा महिना बोटी दर्यात. आणि २०२३ ला अधिक श्रावण आला, तेव्हा माशांनी काय दोनदा अंडी घातली?

खरी विणीची मासळी तर तुम्ही श्रावणाच्या आधीच खाता. पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे वलगणीचे मासे, पोटात गाबोळी भरलेली. ते पकडायला अख्खा गाव टॉर्च घेऊन रात्री शेतात उतरतो. तेव्हा कुठं जातं विज्ञान?

आणि बोकडाच्या विणीचं काय? कोंबडीच्या?

विज्ञानप्रेमी
मी सर्वसाधारण नियम सांगत होतो. अपवाद असतात.

टाळकरी
रामकृष्ण हरी. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, एकवीस वर्षं झाली. त्याआधी जत्रेत दोन-दोन ताटं संपवणारा माणूस होतो, त्यामुळे चव माहीत नाही म्हणून बोलतोय असं समजू नका.

धागालेखकांचा हिशेबच चुकलाय. चातुर्मासात आमच्यात कांदा, लसूण, वांगं सोडतात. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग वांगं सुटतं. आता सांगा, वांग्याची हत्या होते म्हणून ते सोडतात का? कांदा कापला तर पाप लागतं? रडू येतं ते वेगळं. व्रत जिभेचं असतं. आवडतं ते चार महिने दूर ठेवून बघायचं, जमतं का. बोकडाचा संबंध त्यात नंतर येतो.

मनुस्मृतीतही, जिचा दाखला मी सहसा देत नाही, पाचव्या अध्यायात हेच आहे: ‘न मांसभक्षणे दोषो’, आणि शेवटी ‘निवृत्तिस्तु महाफला’. दोष नाही, पण सोडलंत तर फळ मोठं.

माझा मुलगा खातो. सूनबाई परसातल्या चुलीवर शिजवते, भांडी वेगळी आहेत. मी त्या दिवशी देवळात जास्त वेळ बसतो. भांडण नाही.

सोमवारी_नाही
कांद्याचा मुद्दा बिनतोड आहे, कबूल. पण मग व्रत तुमच्या जिभेचं असेल तर दुसऱ्याच्या दुकानाचं शटर का खाली यावं? २०१५ ला जैनांच्या पर्युषणात मुंबईत मांसविक्री बंद केली, तेव्हा उच्च न्यायालयाला एका दिवसाच्या बंदीला स्थगिती द्यावी लागली. २०२५ ला तर कल्याण-डोंबिवलीत १५ ऑगस्टला बंद! स्वातंत्र्यदिनाचं कोणतं व्रत असतं?

खाडीकाठची
त्या २०१५ च्या बंदीतून मासळी वगळली होती. का, तर मासा पाण्याबाहेर काढला की आपोआप मरतो, त्याची कत्तल होत नाही, असं सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितलं. आम्ही हसून हसून लोळलो. म्हणजे माझ्या टोपलीतलं सगळं नैसर्गिक मृत्यूनं गेलेलं!

मध्यममार्गी
बंदीच्या विरोधात एवढं एकतर्फी नको. अहमदाबादच्या पर्युषणातला नऊ दिवसांचा कत्तलखाना-बंद सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवला होता. वर्षातले थोडे दिवस शेजाऱ्याच्या भावनेसाठी थांबलं तर काय मोठं जातं?

खाटकाचा_लेक
तुमचं काही जात नाही साहेब. आमचं जातं.

आम्ही हिंदू खाटीक, चार पिढ्या हाच धंदा. गटारीला पहाटे तीनपासून घरातले सगळे उभे असतात, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात माशा हाकलत बसतो. गिऱ्हाईक स्वतःहून येत नाही, त्याबद्दल तक्रार नाही, ती त्याची श्रद्धा. आम्हीही श्रावणात घरी खात नाही. पण ज्याला खायचंय त्यालाही अडवलं की ती भीक मागायची पाळी. भावना तुमची आणि खाडा आमचा?

दुसरं. आमच्या गावच्या जत्रेला नवसाचं बकरं मुसलमान मुलाणी कापायचा. बलुतेदारच होता तो, त्याचा वाटा ठरलेला. देव आमचा, नवस आमचा, सुरी त्याची, आणि कुणाचा धर्म बुडत नव्हता. २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी हिंदूंच्या झटक्याच्या, म्हणजे एका घावात कापलेल्या मटणाच्या, दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र काढलं. माझ्यासारख्याच्या फायद्याचं म्हणे. पण आजोबा असते तर विचारलं असतं, मुलाण्याला मग जत्रेत बसवायचं कुठे?

निर्दुग्ध
एवढी चर्चा झाली. जीभ आली, शटर आलं, मुलाणी आला. बोकड कुठाय? सगळे आपापल्या श्रद्धेबद्दल बोलताहेत, मान ज्याची जाते त्याच्याबद्दल एक ओळ नाही.

आणि टाळकरीबुवा, राग मानू नका, तुमच्या उपवासाच्या ताटातलं दूध, दही, तूप कुठून येतं? म्हशीला रेडकू झालं की गोठेवाला त्याच्या तोंडी दूध जाऊ देतो का? ते थोड्याच दिवसांत मरतं किंवा विकलं जातं. माळ घालून हे सुटत नाही.

टाळकरी
राग नाही. आमच्या दोन म्हशी होत्या, मला माहीत आहे रेडकाचं काय होतं. उत्तर सोपं नाही. पण कमी पाप आणि जास्त पाप यात फरक नाही, असं म्हटलं की माणूस काहीच सोडत नाही. हे माझं अनुभवाचं बोलणं आहे.

खाटकाचा_लेक
@निर्दुग्ध, २०१५ ला बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. प्राणी वाचले म्हणता? भाकड बैलाला बाजारात भाव उरला नाही. शेतकरी रात्री दुसऱ्याच्या शिवारात सोडून येतो. दया कायद्यात लिहिली, चारा कुणी लिहिला नाही.

निर्दुग्ध
म्हणून मारणं बरोबर ठरत नाही. एवढंच ठरतं, की आपण पाळायला नको तेवढी जनावरं पाळतो.

निळी_पाटी
एक वेगळी बाजू. दुकानांवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहितात. हा ‘शुद्ध’ कुणासाठी आहे? मेलेल्या जनावराचं मांस खातात म्हणून ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांनाच ते ओढून न्यायची सक्ती होती. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात ते मांस सोडायला सांगितलं, तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. सर्व प्राणिमात्रांवर दया करीन, ही प्रतिज्ञा आम्हा बौद्धांच्या बावीस प्रतिज्ञांतही आहे, आणि घरी रविवारी मटणही आहे. हा विरोध मला जाणवतो, नाकारत नाही. पण सोसायटीत घर भाड्याने देताना ‘नॉनव्हेज खाता का’ विचारतात, तेव्हा त्यांना बोकडाची काळजी नसते. त्यांना आडनाव हवं असतं.

मध्यममार्गी
सगळेच तसे नसतात.

निळी_पाटी
सगळे असं मी म्हटलेलं नाही. तीन घरं बघितली, तिन्हीकडे विचारलं.

खाटकाचा_लेक
धागालेखक, तुम्ही रांगेत उभे राहून विचार करता, ते चुकीच्या जागी करता. पुढच्या बाजूला फक्त वजनकाटा असतो. एकदा पहाटे पाचला मागच्या बाजूने या. बघा, आणि मग ठरवा पाप आहे की नाही. निर्दुग्ध यांनाही आमंत्रण.

निर्दुग्ध
मी बघितलंय. म्हणूनच सोडलं.

सोमवारी_नाही
येतो. पुढचा बुधवार? अरे हो, श्रावण लागलेला असेल.

खाटकाचा_लेक
मग श्रावण संपल्यावर.

सोमवारी_नाही
गणपती. आणि लगेच पितृपक्ष.

खाटकाचा_लेक
खंडेनवमीला या. शस्त्रं पुजायला आमच्याकडे बोकड लागतोच. पहाटे पाच, मागचं दार.